सतरा नंबरचा गोल

परदेशी मुक्कामावरून,
११ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
प्राचीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्हांला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची बारीक अक्षरं वाचायची तुमची तयारी नाही, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो धर्मेशदादाला पाठवते आहे. तो उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून जांभूळला घरी आणून देईल. दादा, तू हे आधी वाचणार ते मला माहीत आहे. वाच, पण काशीआत्याला तिखटमीठ लावून सांगू नकोस.

बाबा, माझ्या हातून मोठी चूक झाली. स्पर्धा संपेपर्यंत देशांची नावं कुठे लिहायची नाहीत अशी आम्हां पंचांना ताकीद आहे, म्हणून हिरव्या जर्सीच्या आणि पिवळ्या जर्सीच्या मुली म्हणते. उपांत्य सामना होता. एक-एक बरोबरी, शेवटची सहा मिनिटं उरलेली. हिरव्यांची एक मुलगी पाय धरून पडली. तिला उपचार मिळावेत म्हणून पिवळ्यांनी चेंडू मुद्दाम बाहेर मारला. आता थ्रो हिरव्यांचा. अशा वेळी चेंडू समोरच्यांना परत द्यायचा, हे तुम्ही आम्हांला लहानपणापासून सांगत आलात. हिरव्यांच्या मुलीने तो तसा पिवळ्यांच्या गोलकीपरकडे फेकलाही. पण हिरव्यांचीच सतरा नंबरची मुलगी मध्ये धावली आणि तिने गोल मारला.

नियमाने तो गोल आहे. चेंडू परत देणं ही रीत आहे, नियम नाही. नव्या पंचांना हे मी स्वतः शिकवते. तरी मी शिट्टी वाजवली, गोल नाकारला आणि वर तिला पिवळं कार्ड दाखवलं. त्या क्षणी मला आपलं कापणी झालेलं शेत दिसत होतं आणि शिट्टी घेतलेले तुम्ही. पुढे पेनल्टींवर हिरव्या मुली हरल्या.

परवा मला लेखी अहवाल द्यायचा आहे. माझी सहायक पंच म्हणते की गोलाआधी धक्का दिला असं लिही, त्या बाजूला कॅमेरा नव्हता, मी दुजोरा देते. खरं लिहिलं तर आंतरराष्ट्रीय पंचांच्या यादीतून माझं नाव जाईल. अकरा वर्षांची मेहनत आहे, बाबा. मला काहीच सुचत नाही. तुम्ही सांगा.

गोळ्या वेळेवर घ्या. लोभ आहेच, तो या चुकीसकट असू द्या.

आपली,
प्राची


जांभूळ,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. प्राचीस,
हरिचंद्रचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. धर्मेशने एवढ्या मोठ्या अक्षरांत छापून आणलं की झेरॉक्सवाला सिंधी शेठ विचारत होता, साईं, कसली नोटीस आली का. काशी कालपासून देवापुढे बसली आहे, म्हणजे धर्मेशने तिखटमीठ लावलंच.

तू चूक केलेली नाहीस. चौऱ्याण्णव साली आपल्याच शेतात सामने भरले होते, ते तुला मी शंभर वेळा सांगितलं आहे. आपल्या गावच्या संतोषने अगदी असाच गोल मारला. समोरच्यांनी चेंडू माणुसकीने बाहेर घातलेला आणि हा घेऊन पळाला. मी गोल नाकारला, सगळ्यांदेखत त्याला चोर म्हणालो आणि मैदानाबाहेर काढलं. लोकांनी मला खांद्यावर घेतलं होतं. हीच गोष्ट ऐकत तुम्ही दोघं मोठे झालात.

आता बापाचं ऐक. धक्का होता असं लिही. मैदानात कुठे ना कुठे धक्का होतच असतो. खोटं बोलायला मी तुला शिकवलं नाही, हे मला कळतं. पण अंबरनाथच्या कारखान्यात एकतीस वर्षं मशीनपुढे उभा राहिलो, कान गेले, मनातलं असं काही झालं नाही. बदलापूरच्या नाक्यावर पोरांनी तुझा फोटो लावला आहे, तेवढंच माझं झालं. तुला वर्ल्डकपला शिट्टी वाजवताना टीव्हीवर बघायचं आहे आणि डॉक्टर फार वर्षांचा वायदा करत नाहीत. एकदा माझ्यासाठी कर.

जेवत जा. तुझ्यावर जीव आहे, तो कमी व्हायचा नाही.

तुझा,
बाबा


परदेशी मुक्कामावरून,
१४ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदाच तुमचं ऐकलं नाही, माफ करा. अहवालात जसं झालं तसं लिहिलं. गोल नियमाला धरून होता, निर्णय माझा चुकला. यादीतून नाव काढणार असल्याचं तोंडी सांगितलं आहे, कागद नंतर येईल. रडून झालं आहे, तेव्हा काळजी करू नका.

खरं सांगते, तुमचं पत्र आलं तेव्हा मी धक्का होता असंच लिहायला बसले होते. अर्धं पान झालंही होतं. पण काल सकाळी हॉटेलात नाश्त्याला ती सतरा नंबरची मुलगी समोर येऊन उभी राहिली. एकोणीस वर्षांची आहे. मोडक्या इंग्रजीत तिने एवढंच विचारलं की मी कुठला नियम मोडला. भांडण नव्हतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मग तिने सांगितलं की त्याच वेळी तिला बदली म्हणून उतरवत होते. मैदानाबाहेरची चौथी पंच तिच्या बुटांचे खिळे तपासत होती, त्यामुळे तिची मैदानाकडे पाठ होती. चेंडू कोणी, कशासाठी बाहेर मारला हे तिला माहीतच नव्हतं. चेंडू दिसला आणि ती धावली. आता तिच्या देशात तिला फसवी म्हणतात. घरी जायची तिला भीती वाटते आहे.

मी फक्त सॉरी म्हणाले, आणि ते तिला कळलं की नाही तेही मला ठाऊक नाही.

बाबा, रागावू नका, पण विचारते. संतोषकाकांना तुम्ही त्यानंतर कधी विचारलं होतं का?

आत्याला नमस्कार. माझ्यावर रुसलात तरी मी लेक तुमचीच आहे.

आपली,
प्राची


जांभूळ,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. प्राचीस,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. दोन दिवस तुझ्यावर रागावून जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी काशी म्हणाली की राग पोरीवर नाही रे, तुझा तुझ्यावरच हाय, आणि ताट पुढे सरकवलं. तुला कळवतो, तू लिहिलंस तेच बरोबर होतं. मी तुला वाईट सल्ला दिला.

संतोषला मी कधी विचारलं नव्हतं. काल धर्मेशला घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याच साली त्याने गाव सोडलं, तो शहाडला राहायला गेला एवढं माहीत होतं. तीस वर्षांत दहा किलोमीटर जाणं झालं नाही. शोधत शोधत घर सापडलं, पण संतोष नाही. चार वर्षांपूर्वी गेला. त्याची बायको कौसाबाई घरी होती. गावचे म्हटल्यावर तिने चहा टाकला.

मी म्हटलं, संतोषसारखा डाव्या पायाचा खेळाडू आमच्या भागात परत झाला नाही. ती हसली आणि म्हणाली, तुमचं घर चुकलं. तिच्या माणसाने कधी चेंडूला पाय लावला नाही. मुलगा चेंडू घेऊन घरात आला तर हा उठून बाहेर जाऊन बसायचा. सव्वीस वर्षांच्या संसारात तो फुटबॉल खेळायचा हे तिला माहीतच नव्हतं.

चौऱ्याण्णवच्या सामन्यांचं सांगितल्यावर तिला पटलं, तेव्हा तिने विचारलं की मग त्याने खेळणं का सोडलं. मी सांगितलं, माझ्यामुळे. सगळं सांगितलं. चेंडू कशासाठी बाहेर गेला ते त्याला दिसलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही, हेही सांगितलं. तिने कप उचलले आणि आत गेली. आम्ही बराच वेळ बसलो, ती परत बाहेर आली नाही.

तू त्या मुलीला पत्र लिही. निर्णय चुकीचा होता, तिचा दोष नव्हता, असं स्वच्छ लिही आणि खाली सही कर, म्हणजे तिला ते चार लोकांना दाखवता येईल. उद्या लिहू म्हणू नकोस. ती अजून खेळते आहे.

तुझा,
बाबा