उजव्या बाजूची खुर्ची

३० जानेवारी, गुरुवार

शंभर पानं झाली! ऑफिसातल्या शेफालीनं पुस्तक हातात कोंबलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड, ड्यूक, घोडागाड्या, मुखपृष्ठावर शर्टाची बटणं उघडी टाकलेला माणूस. पण यातली थिओडोरा सत्तावीस वर्षांची, जाडजूड, शेवाळाचे नमुने गोळा करत चिखलात फिरणारी. आणि डाव्या कानानं बहिरी! माझ्यासारखीच. पहिल्याच नाचात ड्यूक तिच्या कानाशी काहीतरी गोड पुटपुटतो, तर ही म्हणते, "तो कान कामाचा नाही. या बाजूला या." तो येतो. बस, एवढंच. मी हडपसरहून येताना बसमध्ये रडले.

शेवटचं पान आधीच बघून घेतलंय. लग्न होतं. तरी मधली पानं वाचताना जीव टांगणीला!

रविवारी अभय नावाचा मुलगा मला बघायला येणार. कर्वेनगरचा, कॉलेजात शिकवतो. माझं शेवटचं पान कुठे बघायचं?

२ फेब्रुवारी, रविवार

आईनं सकाळपासून तीनदा खुर्च्या मांडल्या. माझी डावी बाजू भिंतीला, मुलाची खुर्ची माझ्या उजवीकडे. "लग्नानंतर कळेल ते कळेल. तोवर तोंड उघडू नकोस." हे चौथं स्थळ. तालीम आता पाठ झालीय. त्या पुस्तकात नाच, आपल्याकडे पोहे – बाकी सगळं तेच. आया तिथेही कोपऱ्यात बसून मुली निरखतात.

अभय आवडले. घाबरले होते. बशीतले पोहे सांडले ते हळूच पायानं सोफ्याखाली ढकलले. मी बघितलं. मी बघितलेलं त्यांनी बघितलं. दोघंही हसलो.

"काय वाचता?" त्यांनी विचारलं. आईनं डोळे वटारले. "वैचारिक," मी म्हटलं. शी!

४ फेब्रुवारी, मंगळवार

होकार आला! दादा, म्हणजे माझे वडील, पेढे घेऊन आले, आईनं बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली. मी मात्र माझा पेढा परत डब्यात ठेवला.

५ फेब्रुवारी, बुधवार

अभयचा फोन. वीस मिनिटं. उजव्या कानाला लावून, चोरासारखी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पुस्तक संपलं. "एवढं काय आहे गं त्यात?" शेफालीनंच विचारलं, जिनं दिलं तिनंच! काय सांगू? ड्यूक-बिक काही नाही. थिओडोराला शेवटपर्यंत कुणी दुरुस्त करत नाही, तेच. मी सारखी धास्तावलेली – आता हिचा कान बरा होणार, आता ही बारीक होणार, नवा झगा घालून जिना उतरणार. काही नाही! लग्नाच्या दिवशीही नखांत माती. आणि तिला हे सगळं आधीच उघड सांगताना भीती वाटत नाही. मला तेच वाचायचं असतं, न घाबरणारी बाई.

आईला थोडं वाचून दाखवलं. म्हणाली, "पुस्तकातल्या बायकांचं काय जातं? लिहिणारी असते सांभाळायला."

खरंय. तरी उद्या अभयना सांगणार.

८ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं. कर्वेनगरला, कॉफी पिताना. डाव्या कानानं ऐकू येत नाही. पाच वर्षांची असताना गोवर झाला, तेव्हापासून. तुमच्यापासून लपवलं, चुकलं. बोलताना दोन्ही हात मांडीखाली घेतले होते.

ड्यूकला उत्तर द्यायला अर्धी ओळ लागली होती. अभयनी अख्खी कॉफी संपवली. मग म्हणाले, "आधी सांगायला हवं होतं." हो. "मला चालेल. पण घरी बोलावं लागेल."

चालेल! आधी राग आला. रात्री मात्र वाटलं, खरा माणूस असंच बोलणार.

आईला सांगितलं. वाटलं, आरडाओरडा करेल. तिनं गॅस बंद केला. "गोवर म्हणालीस?"

मग काय म्हणू? तूच तर सांगत आलीस!

१० फेब्रुवारी, सोमवार

अभयच्या आईंचा फोन. आवाज मऊ. "राग मानू नका हं आम्रपाली. पण घराण्यातलं काही असलं तर उद्या मुलाबाळांना... डॉक्टरांचा जुना कागद असेल तर पाठवा." आणि नसेल तर? "मग विचार करावा लागेल."

त्यांच्या जागी मीही हेच विचारलं असतं. म्हणून तर भांडताही येत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कपाट, माळा, ट्रंक – सगळं उपसलं. कागद नाही. माझं लसींचं कार्ड सापडलं. गोवराची लस दिलेली, तारखेसकट! मग गोवर कसा झाला? म्हणजे घराण्यातलंच काहीतरी आहे आणि या दोघांना ठाऊक आहे? आजीलाही शेवटी ऐकू येत नव्हतं. दादांना विचारलं तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता, "आईला विचार."

आई जेवली नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अभयचा फोन नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आईनं आज स्वतः अभयच्या आईंना फोन लावला. मला समोर उभं केलं.

"ताई, घराण्यातलं काही नाही. गोवरही नव्हता. मी हिच्या कानाखाली मारली होती. पाच वर्षांची होती, दूध सांडलं म्हणून. कान वाहायला लागला तरी पंधरा दिवस दवाखान्यात नेलं नाही. डॉक्टरांना काय सांगणार होते? हिला आजवर माहीत नव्हतं."

फोन ठेवला. "आता नाही म्हणणार नाहीत," म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता मेथी निवडायला बसली.