मनगट, तांदूळ आणि डावा गाल

प्रिय रादामेस,

तुझा पत्ता काल तुझ्या बहिणीने दिला, माझ्याकडे न बघता. तू ला रोमानाच्या बंदरावर पोती उचलतोस आणि बेसबॉलच्या चेंडूला हातसुद्धा लावत नाहीस, एवढंच ती बोलली.

आधी मनगटाची हकिकत. प्लास्टर काढलं तेव्हा माझा डावा हात कोंबडीच्या पायासारखा दिसत होता आणि कॉफीचा कपही धरवत नव्हता. आपले कोच डॉन एरास्मो यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. आपल्याला बॅट धरायला शिकवताना चेहरा आंबट करायचे ना, तसाच केला. म्हणाले, "घाई केलीस तर पुन्हा मोडेल, आळस केलास तर असाच राहील. बादलीभर तांदूळ आण." त्या तांदळात हात मनगटापर्यंत खुपसायचा, मूठ उघडायची, मिटायची, आतल्या आत पिळायची. आई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "या घरात तांदूळ पातेल्यात जातो, अनेउरी!" शेवटी किडे पडलेला जुना तांदूळ दिला. एका रविवारी पाहुणे अचानक आले आणि घाईत तिने तोच निवडून शिजवला. सगळ्यांनी बोटं चाटली. मी नुसता राजमा खाल्ला.

मग हातोडा आला. दांडा टोकाशी धरून तो सावकाश या कुशीवरून त्या कुशीवर कलवायचा. पहिल्या दिवशी चार वेळा जमलं आणि डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर ओला टॉवेल पिळायचा होता. आईने लगेच घरातलं सगळं धुणं माझ्यापुढे टाकलं. शेजारणीला सांगत होती, "एकोणीस वर्षांनी मुलगा कामाला आला गं बाई!"

पाचव्या महिन्यात डॉन एरास्मोंनी बॅट दिलीच नाही, झाडूचा दांडा दिला. गल्लीतली पोरं अजून चेंडूऐवजी पाण्याच्या जारची झाकणं फेकतात, ती दांड्याने टोलवताना मनगट आपोआप वळतं. पण तुझ्यासारखं झाकण इथे कुणी टाकत नाही. लहानपणी तुझं वळणारं झाकण फक्त मला कळायचं, कारण ते टाकण्याआधी तू जीभ डाव्या गालात दाबायचास. पुढे चेंडू आला तरी सवय तीच राहिली. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, तुलाही नाही. तू चेंडू टाकणारा मोठा पिचर झालास, आणि सरावात तुझे वळते चेंडू मीच सगळ्यात जास्त फटकावले. लोक म्हणाले, अनेउरीची नजर काय तीक्ष्ण!

त्या शनिवारी अमेरिकेच्या क्लबचा माणूस निवडीसाठी आपल्या दोघांचा खेळ बघायला आला होता. तुझा डावा गाल फुगला. चेंडू बाहेर वळणार म्हणून मी आधीच पुढ्यातल्या जमिनीवरच्या प्लेटवर झुकलो. तो सरळ आला. मी जागेवर उभा असतो तर तो मला लागलाच नसता. हाड दोन ठिकाणी मोडलं. तू मला मोटरसायकलवर घालून दवाखान्यात नेलंस, आणि सारखा गालाला हात लावत होतास. काय झालं विचारलं तर म्हणालास, "काही नाही रे, दाढ सुजलीये." त्याच क्षणी मला समजलं, गाल जिभेने नाही, दाढेने फुगला होता, आणि मी गप्प बसलो.

इथे सगळे म्हणाले, रादामेसने जळून मित्राचा हात मोडला. तुझ्या आईच्या तोंडावर म्हणाले. तेव्हाही मी बादलीत हात घालून बसलो होतो. पुढच्या दोन सामन्यांत तू एकही चेंडू आतल्या कडेला, बॅटवाल्याच्या अंगाजवळून, टाकला नाहीस, सगळ्यांनी तुला धुतलं आणि तू हातमोजा खिळ्याला टांगून निघून गेलास. मला लाज वाटते, रादामेस. हाडाच्या दुखण्यापेक्षा ही जास्त छळते.

म्हणून काल कोपऱ्यावरच्या दुकानात, डॉमिनोचा डाव चालू असताना, मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. तुझी बहीण तेल घ्यायला आली होती. डॉन एरास्मोंनी हातातली सोंगटी खाली ठेवली आणि म्हणाले, "मनगट आठ महिने तांदळात घातलंस. जीभ कशात घातली होतीस?" क्लबचा माणूस येत्या मंगळवारी पुन्हा येतोय. मनगट तयार आहे, पण आतल्या कडेचा चेंडू मला कुणी टाकत नाही, सगळे घाबरतात. तू सोमवारी ये. हातमोजा तुझ्या आईने खिळ्यावरून काढून पुसून ठेवलाय. जीभ कुठल्याही गालात ठेव आणि चेंडू माझ्या मनगटाजवळून टाक. मी प्लेटवर झुकणार नाही.

तुझाच, आणि तुझा गुन्हेगारही,
अनेउरी