तिसऱ्या दिवशी थांबलेल्या गोळ्या

४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. आ.

काल तू फोन आपटलास, म्हणून लिहितेय. कागद आपटता येत नाही. दुपारच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते, संध्याकाळी स्टँडवर जाऊन घे.

बाबांच्या लघवीचा नमुना आमच्या प्रयोगशाळेत आला तो माझ्याच टेबलावर. ताटलीत जंतू वाढवले आणि आठ औषधांच्या चकत्या ठेवल्या. सकाळी बघते तर सात चकत्यांना जंतू अगदी चिकटून वाढलेले! औषध जणू तिथे नाहीच. बावीस वर्षं हे काम करतेय, पण ताटलीवर आपल्या बापाचं नाव होतं, म्हणून ती तीनदा तपासली रे.

मागच्या महिन्यात हाच जंतू साध्या गोळीने मरत होता. गोळी त्याच्या पेशीची भिंत नीट बांधू देत नाही, मग आतल्या दाबाने तो फुटतो. आपल्या पेशींना तशी भिंतच नसते, म्हणून ती गोळी आपल्याला सोडून त्यालाच मारते. एवढी सोपी गोष्ट. पण औषध अर्धवट पोचलं की कच्चे मरतात आणि चिवट उरतात. या उरलेल्यांकडे मूळ डीएनएशिवाय एक छोटं वेगळं कडं आहे, प्लाझ्मिड म्हणतात त्याला. औषध तोडायची कृती त्यात लिहिलेली असते, आणि बारीक नळी जोडून ते शेजारच्या जंतूला तिची नक्कलही देतात. आपण भावंडं एकमेकांना साधी खरी बातमी देत नाही!

गोळ्यांचा कोर्स सात दिवसांचा होता. पूर्ण झाला का विचारलं तर तू फोनच आपटलास. कोणत्या दिवशी थांबवलास, ते लिही.

लोभ आहे, पण आज तो शोधावा लागेल.
ताई

६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिसऱ्या दिवशी थांबवला. मीच. झालं समाधान?

आता माझं ऐक. छापखान्यात आठ तास उभा राहून घरी येतो, बाबांची लघवीची पिशवी रिकामी करतो, चादर बदलतो, त्यांना भरवतो. तीन वर्षांत तू चारदा आलीस, आणि चारही वेळा आल्या आल्या आधी औषधांचा डबा तपासलास. मी जेवलो का, हे एकदाही विचारलं नाहीस. तुझ्या ताटलीतल्या जंतूंची जास्त विचारपूस होते.

काल त्यांना दवाखान्यात ठेवलं. ताप एकशे तीन, मला ओळखत नव्हते. उरलेलं आठवं औषध इंजेक्शनने चालू केलंय, पण उतार नाही. डॉक्टर म्हणतात लघवीची नळी तीनच आठवड्यांची आहे, बदलायची घाई नको. मला त्यांच्याशी भांडायचंय आणि भांडायला शब्द नाहीत. तुझ्याकडे ढीगभर आहेत. पाठव.

आशीर्वाद असावा, आणि तो लवकर यावा.
धाकटा

७ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. आ.

हे पान डॉक्टरांसमोर धर. जंतूच्या अंगावर केसांसारखे बारीक धागे असतात, त्यांनी तो नळीला आतून चिकटतो. एक चिकटला की हजार चिकटतात, आणि सगळे मिळून वर चिकट थर घालतात. त्या थराखाली इंजेक्शन धड पोचत नाही. तिथून सुटलेले जंतू शेपटी फिरवत वर मूत्रपिंडाकडे जातात. नळी आत आहे तोवर तुम्ही फरशी पुसताय आणि नळ चालूच आहे. नळी आजच्या आज बदला. ऐकलं नाही तर मला फोन लावून त्यांच्या कानाला दे. बघतेच मी.

बाकीचं नंतर बोलू. तिसऱ्या दिवसाचं मी विसरणार नाही.
ताई

१४ ऑगस्ट

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, समजून घे. नळी त्याच संध्याकाळी बदलली. तुझ्या भावाने तुझं पान अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवलं म्हणे. परवापासून ताप नाही. डॉक्टर म्हणतात वाचलो.

आता माझा राग. धाकट्याचा शर्ट खुर्चीवर होता, खिशात तुझी पत्रं होती, वाचली. गोळ्या त्याने थांबवल्या नाहीत. मी थांबवल्या, तिसऱ्या दिवसापासून. पोटात ढवळायचं, म्हणून तोंडात धरायचो आणि त्याची पाठ वळली की गादीखाली. पुढे जळजळ झाली की त्यातलीच एखादी घ्यायचो. तुला कळलं तर तू ओरडशील, या भीतीने बोललो नाही. सत्तर वर्षांचा माणूस पोटच्या मुलीला घाबरतो, याची मला लाज वाटते, आणि थोडी तुलाही वाटू दे.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच संध्याकाळी गादी झटकताना त्याला गोळ्या सापडल्या. त्याने त्या मोजल्या आणि खिशात टाकल्या. नंतर तुला काय लिहिलं, ते मला आत्ता तुझ्या दुसऱ्या पत्रावरून कळलं. त्याच्यावरही मी चिडलोय. कोणी सांगितलं होतं माझं पाप अंगावर घ्यायला?

रविवारी ये. माझी खाट उजवीकडून चौथी आहे, पण आधी माझ्याकडे येऊ नकोस. बाहेर बाकावर तो बसलेला असेल, आधी त्याच्याजवळ बस.

राग ओसरल्यावर जे उरेल, ते दोघांनी सारखं वाटून घ्यावं.
तुझे बाबा