उंदरांनंतर काका

रेवदंडा,
५ मार्च २०२५

चि. निशिगंधा हिस दीनानाथकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या शोधाची बातमी इथल्या पेपरात फोटोसकट आली. समुद्री शेवाळातल्या द्रव्याने उंदरांच्या रक्तातल्या गाठी विरघळल्या, हे मी तुझ्या काकूला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, फोटोत पोरगी वाळलेली दिसते. शास्त्र तिच्यापर्यंत एवढंच पोचतं.

हृदयात कृत्रिम झडप बसवल्यापासून रक्त पातळ ठेवायची गोळी मी रोज गिळतो, हे तुला ठाऊक आहेच. वर पद्माकर डॉक्टरांची रक्त तपासायची महिन्याची सुई आणि पालक-मेथी बेताने खाण्याचा उपदेश. घरच्या मुलीचं औषध निघालेलं असताना परक्या कंपनीचं विष पोटात कशाला घालायचं? म्हणून आपल्या अंकुरला सांगून त्याची बोट सिंगापूरला लागली तेव्हा तिथलं शेवाळ मागवलं. सोमवारपासून गोळी बंद. सकाळी दोन पापुद्रे मधातून घेतो. चव झकास आहे. वास भाजलेल्या जवळ्यासारखा, त्यामुळे मांजर पाय सोडत नाही.

पत्राचा फोटो काकू फोनवरून पाठवेल. मूळ प्रत पोस्टाने येईल, ती जपून ठेव. पुढेमागे एखाद्या संग्रहालयाला लागेल.

तुझ्या अभिमानाने फुगलेला,
दीनानाथकाका


सिंगापूर,
६ मार्च २०२५

ती. काकांस निशिगंधाचा शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर मी रडले, ओरडले, आणि तुम्ही म्हणालात, रडणाऱ्या माणसाचं शास्त्रीय मत मी धरत नाही, लेखी कळव. तर लेखी कळवते.

तुमच्या चिरंजिवांना गाठलं. बोट इथल्या तुआस बंदरात होती, सुटी जेमतेम, म्हणून अंकुरने पाया लेबारच्या मॉलमध्ये शेवाळ म्हणून जे मिळालं ते उचललं. काका, तो मुलांचा खाऊ आहे, तेल-मीठ लावून भाजलेला. आमची किमया तो शाळेच्या डब्यात नेते. आजोबा तो मधातून घेतात हे ऐकून ती इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली, त्यांना स्पायसीवालं पाठव लाह, ते जास्त नाइस आहे.

यापुढचं हसण्यासारखं नाही. त्या पापुद्र्यांत माझं द्रव्य नाहीच. त्यात आहे ते पालकातलंच जीवनसत्त्व, रक्त गोठायला मदत करणारं. म्हणजे गोळी बंद, वर तिच्या उलट काम करणारी वस्तू सुरू. झडपेवर गाठ धरली आणि ती मेंदूत गेली, तर मी विमानात बसेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल. मला फार भीती वाटते आहे. माझी मैत्रीण मधुरा इथेच नोव्हेना भागात हृदयाची डॉक्टर आहे. तिने सांगितलंय, की आजच्या आज तुमच्या डॉक्टरांकडे जा, स्वतःच्या मनाने काही ठरवू नका.

माझ्या शोधाचं म्हणाल तर काचेच्या बशीत आणि उंदरांत जमलं, इतकंच. त्यातले काही उंदीर पुढे रक्तस्रावाने गेले. ते पेपरात आलं नाही, कारण आमच्या प्रसिद्धी विभागाला आशेचा किरण फार आवडतो. माणसापर्यंत हे औषध बहुधा पोचणारच नाही. स्वतःच्या कामाबद्दल हे असं लिहून द्यावं लागतंय, काय वाटत असेल ते समजून घ्या.

आणि तुमच्या गोळीचा वंशही वनस्पतींचाच आहे. परदेशात कुजलेला चारा खाऊन गाई रक्तस्रावाने मरायच्या. त्या चाऱ्यात सापडलेल्या द्रव्यावरून आधी उंदीर मारायचं विष निघालं, आणि काही वर्षांनी तेच तुमचं औषध झालं. तेव्हा विष म्हणालात ते चुकलं नाही, फक्त ते घेत जा.

लोभ आहेच, तो सिद्ध करायला काही खाऊ नये.

आपली,
निशिगंधा


रेवदंडा,
१२ मार्च २०२५

चि. निशिगंधा हिस आशीर्वाद, आणि त्या उंदरांना सद्गती.

काकूच्या फोनवर तुझं पत्र वाचलं आणि त्याच दिवशी गेलो. डॉक्टरांनी थेट दवाखान्यात भरती करून पोटावर इंजेक्शनं टोचली, गोळी पुन्हा सुरू केली. गाठ धरलेली नाही. मला जे सुनावलं ते वडीलधाऱ्याने पत्रात लिहू नये असं आहे. मात्र तुझ्या बातमीचं कात्रण त्यांनी मागून घेतलं आणि टेबलाच्या काचेखाली ठेवलं. उरलेलं शेवाळ तुझी काकू चहाबरोबर खाते. तिला काहीच झालेलं नाही, हेही शास्त्रात नोंदव.

एक गोष्ट मात्र लागली. औषध पोचणारच नाही, असं तू लिहिलंस. मला घाबरवायला लिहिलं असशील तर माफ. खरंच तसं वाटत असेल तर माझ्या वयाच्या माणसाला ते सांगू नये. चाऱ्यापासून गोळीपर्यंतची वाट उंदरांवरून गेली, हे तुझ्याच अक्षरात माझ्यापाशी आहे. तू उंदरांपर्यंत आलीस. पुढे माणूस लागेल, तिथे माझा नंबर लावून ठेव.

तोवर टिकायला हवं, म्हणून रोज रात्री काकूच्या देखत गोळी घेतो. नाहीतर या वयात एवढी पथ्यं कोण पाळतं?

लोभ तू वाढव, डोस डॉक्टर वाढवतील. आणि पोरी, जरा घाई कर.

तुझा,
दीनानाथकाका