शिंगाड्याच्या पुढ्यात फळं कोण ठेवतं

बाबा, आईच्या फोनमध्ये तीन शिंगांचा एक प्राणी राहतो आणि त्याच्या पुढ्यात रोज कोणीतरी फळं ठेवून जातं. तुमच्या वेळचा आपला फोन बटणांचा होता. त्यात एक काळा साप ठिपके खात फिरायचा आणि शेवटी स्वतःच्याच शेपटीवर आपटून मरायचा. तुम्ही एकदा माझ्या खांद्यावरून ते पाहिलंत आणि म्हणालात, "याले कोनी वळन लावलं नाई." आता फोनात अख्खं बेट मावतं. खेळणारा त्याच्या किनाऱ्यावर उघडाबोडका जागा होतो, लाकडं तोडतो, झोपडी बांधतो, आणि माणूस जन्मायच्या कितीतरी आधी जे प्राणी होते ते सगळे त्याच्या आजूबाजूला हिंडत असतात. काही त्याला खातात, काही त्याला पाहून पळतात, आणि काहींना आपलंसं करता येतं. मग ते ओझं वाहतात, पाठीवर बसू देतात, दार राखतात. हा खेळ आई खेळते. हार ओवून झाले की दुपारी भिंतीला टेकून बसते आणि चष्मा नाकावर ओढून त्या बेटावर जाते. तीन शिंगांच्या त्या धुडाचं नाव तिने शिंगाड्या ठेवलं आहे.

तुमच्यानंतर आम्ही हिवरखेड सोडून अकोल्याला आलो, मी शिकावं म्हणून. मी शिकले. आपल्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, हेही तुम्हाला आताच कळतं आहे. अमरावतीच्या एका संस्थेत मी काम करते, जीपने धारणीकडच्या गावांत जाऊन बायकांच्या बैठका घेते आणि शनिवारी आईकडे येते. फोनवर अनोळखी कोणी गोड बोललं तर काय करायचं नाही, हेही मी त्या बैठकांत सांगते. त्यामुळे एका शनिवारी आई फोनकडे बघून हसताना दिसली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा फसवणूकच आली. मी चप्पलही काढली नव्हती.

"कोनं टाकलं हे तुह्या फोनात?"

"मीच टाकलं."

"तुले टाकता येते?"

"तुले येते तं मले काऊन नाई येनार व?" तिने फोन हातात दिला नाही. "थांब जराशी. याले भूक लागून राहिली. आता नाई चारलं तं पुन्हा पयल्यापासून."

मग तिने मला समजावलं. या खेळात जनावर आपलंसं करायच्या दोन वाटा आहेत. गुंगीचा बाण मारून त्याला पाडायचं आणि बेशुद्ध असतानाच त्याच्या तोंडात घास भरत राहायचं. जाग येते तेव्हा ते आपलं झालेलं असतं. दुसरी वाट लांबची. हातावर फळ घेऊन सावकाश जवळ जायचं, त्याने एक खाल्लं की मागे सरायचं, पुन्हा भूक लागेपर्यंत थांबायचं, आणि मध्येच ते बिचकलं तर सगळी मेहनत पाण्यात. शिंगाड्याला बाणाने लवकर आणता आलं असतं. आईने बाण बनवलाच नाही. "झोपीत चारून आपलं केलं, हे काय आपलं करनं झालं?" ती म्हणाली, "तुह्या बाबानं असं कधी केलं नाई."

पण तुम्ही काय करत होतात ते मी पाहिलेलं आहे. तेल्हाऱ्याकडच्या कोणीतरी पांढरा गोऱ्हा तुमच्याकडे शिकवायला आणून बांधला होता. सगळ्या भागातून लोक तुमच्याकडे गोऱ्हे आणायचे, जुवाला लावायला. मी लहान आहे, गोठ्याच्या दारात उभी आहे, आणि तो गोऱ्हा सकाळपासून ओरडतो आहे. आई चुलीपुढे आहे. मी तिच्या मागून गुळाचा खडा उचलते आणि त्याला चारते. त्याची जीभ खरखरीत आहे, माझा तळहात ओला होतो. तेवढ्यात तुम्ही येता. "त्याले उपाशी मी ठेवलं होतं. काऊन चारलं तू?" तो ओरडत होता म्हणून, असं मी सांगते. "वरडत होता म्हनूनच तं तो माह्याजवळ येनार होता," तुम्ही म्हणता, आणि मला घरात पाठवता. मी खिडकीतून पाहते. उन्हं उतरल्यावर तुम्ही उघड्या तळव्यावर गूळ घेऊन त्याच्याकडे जाता. तोंड मात्र भिंतीकडे, जसं काही त्याच्याशी तुम्हाला देणंघेणंच नाही. तो मान लांब करतो. तुमचा दुसरा हात पाठीमागे आहे आणि त्या हातात वेसणीची दोरी आहे. तेव्हापासून, बाबा, मला कोणी काही गोड दिलं की मी त्याचा दुसरा हात आधी बघते. कॉलेजात न मागता वह्या देणारा मुलगा असो, की संस्थेत येऊन माझं कौतुक करणारे पाहुणे.

तर आईच्या फोनचं सांगत होते. त्या खेळात माणसं टोळी करून राहतात आणि टोळीतली जनावरं, कोठारं सगळ्यांची मिळून असतात. आईच्या टोळीत दोन नावं होती. एक आईचं आणि दुसरं झेंडू.

झेंडू कोण, हे मला विचारावं लागलं नाही. सकाळी मोटारसायकलवर फुलांचे गठ्ठे घेऊन आपल्या दारात येतो तोच. शहराबाहेर त्याचा मळा आहे, बाजारात दुकान आहे, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुली सासरी आहेत. आई त्याच्यासाठी घरी हार ओवते. तो तिला वहिनी म्हणतो, ती त्याला भाऊजी म्हणते, आणि इतके दिवस मला त्यात काहीच वावगं दिसलं नव्हतं. आता दिसू लागलं. त्याने गठ्ठा दारात ठेवला की ओट्यावर, तो किती वेळ थांबला, आईने पदर नीट केला का. एकट्या बाईने कोणाला विचारून जगायचं नाही, असं मी बैठकांत सांगते आणि ते मला मनापासून पटतं. पण माझी आई एकटी बाई आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी तो खेळ माझ्या फोनात घेतला आणि वेगळ्याच नावाने आईच्या बेटावर उतरले. पहिल्याच दिवशी एका चोचवाल्याने मला खाऊन टाकलं. पुढे मी तिच्या कुंपणासमोरची टेकडी शोधली आणि तिथे लपून बसू लागले. झेंडू यायचा. कुंपणाच्या दाराशी फळं ठेवायचा, आत बघायचा नाही, तोंड समुद्राकडे करून उभा राहायचा आणि निघून जायचा. ही तर हुबेहूब तुमची रीत होती.

रविवारी मी त्याच्या दुकानात गेले. तो हारांवर पाणी शिंपडत होता.

"या, म्याडम. आज इकडं कशा?"

"झेंडू तुमीच ना?"

त्याचा हात थांबला. "हाव. तिनंच ठेवलं नाव." वहिनीनं नव्हे, तिनं. हे मी ऐकून ठेवलं.

"रोज फळं काऊन ठेवता तिच्या दाराशी?"

"तिनं सांगतलं म्हनून ठेवतो बापा. दाराशी ठेवाचं, आत पाहाचं नाई, निंगून जाचं. पयले मी गेलतो आत, तं तिच्या शिंगाड्यानं मले असं उडवलं, असं उडवलं, पार समुद्रात."

"आत काऊन गेलते?"

"कोठारात काय हाय ते पाहाले," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. माझ्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मग त्याने गल्ल्यामागून एक फडकं काढलं. ते मी ओळखलं. माझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टचं होतं. आत भाकर आणि झुणका.

"आता हे घ्या. हे मी मागतलं नाई कधी. एक दिवस हारांच्या टोपल्यात सापडलं. मले वाटलं चुकून आलं, मी वापस नेऊन देलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुन्हा वापस देलं. मंग एक दिवस लय भूक लागली होती, खाल्लं." तो फडक्याची गाठ पुन्हा बांधू लागला. "ती टोपलं देते अन् तिकडं तुळशीकडं पाह्यत उभी राह्यते. मीच इचारलं तिले शेवटी लग्नाचं, म्याडम. राहावलं नाई."

मी रस्त्यावर आले तेव्हा मला कोणाचा राग करावा ते कळेना. मी इतके दिवस टेकडीवर बसून चुकीच्या माणसाच्या हाताकडे बघत होते. घरी आई पाय पसरून हार ओवत होती.

"तुह्या दुसऱ्या हातात काय हाय?" मी विचारलं.

"सुई," ती म्हणाली. मग मान वर करून बघितलं. "जाऊन आली काय दुकानात?"

"हाव."

"मंग तुले समजलं. त्यानं इचारलं मले. मी म्हनलं, पोरीले इचारतो. तुह्या मनात नसन तं नाई म्हनून टाकतो. माहं काई अडलं नाई."

"बाबा असते तं..."

"तुहे बाबा असते तं हा सवालच नसता." तिने दोरा दाताने तोडला. "मी काई म्हनलं की तू त्याईचा आवाज काढते. टीव्ही पाह्यला, बाबा असते तं. हिरवी साडी घेतली, बाबा असते तं. ते गेले तवा तू केवढीशी होती व. तुले काय मालूम ते काय म्हनले असते?"

तिच्या डोक्यावर खुंटीला तुमचं दावं टांगलेलं होतं. गोऱ्हा शिकून तयार झाला की तुम्ही आपलं दावं सोडून घ्यायचात आणि मालकाला त्याचं नवं दावं बांधायला लावायचात. आपलं दावं जनावराबरोबर कधी जाऊ दिलं नाहीत. लोक म्हणायचे घरची बरकत जाऊ नये म्हणून. मलाही तसंच वाटायचं. पण एकदा हिवरखेडच्या बाजारात तो पांढरा गोऱ्हा आपल्याला दिसला होता, आता भरलेला बैल, मालकाच्या गाडीला जुंपलेला. मी त्याला नावाने हाक मारणार तर तुम्ही माझं मनगट घट्ट धरलंत आणि मला कापडाच्या दुकानात ओढलंत. "आवाज नको देऊ. माहा आवाज आता त्याच्या कानातून गेला पायजे. नाई तं त्याचा जीव दोनीकडं ओढन." मी रुसले होते. मला वाटलं, तुम्ही त्याला विसरलात. तुम्ही दुकानात उभे आहात, समोर छिटाच्या ताग्याकडे बघता आहात, आणि दुकानदार विचारतो काय दाखवू, तर तुम्हाला उत्तर देता येत नाही.

मी खुंटीवरचं दावं काढलं, झटकलं आणि पेटीत तुमच्या धोतरावर ठेवलं. आईने पाहिलं. "हो म्हन त्याले," मी म्हटलं. तिने मान हलवली आणि तुळशीकडे बघत राहिली. मग मला एकदम आठवलं की गेले कित्येक शनिवार मी न सांगता माझ्या आवडीची पाटोड्याची भाजी तयार असते, ती ताट पुढे ठेवते आणि अशीच दुसरीकडे बघते. मला आता तिचाही संशय येतो, बाबा. तुमचाही येतो. गोऱ्हे तुम्ही शिकवत होतात, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. तुम्हाला कोणी शिकवलं, हे मी कधी विचारलं नाही.

हे सगळं लिहून झालं आणि पाकीटही आणून ठेवलं आहे, त्यावर काय लिहायचं ते मात्र सुचत नाही. तेव्हा हे माझ्याकडेच राहील. एकच गोष्ट सांगायची उरली. "बाबा असते तं" असं मी म्हणते, तेव्हा माझ्या कानात तुमचा आवाज नसतो. तुमचे शब्द आठवतात, ते इथे लिहिलेही, पण आवाज जाडा होता की बारीक, हे मला सांगता येणार नाही. तो माझ्या कानातून केव्हाच गेला. आईच्या कानातून गेला का, हे तिला विचारायचा धीर मला झालेला नाही.