पिझ्झा खालून बघायचा

६ नोव्हें., गुरु.
डाळ करपली. मी ओट्याशेजारीच वाटाणे सोलत बसलेले, पत्ताच नाही. मोठा ताप येऊन गेला तेव्हापासून नाकाला वास कळत नाही, वर्ष होत आलं. नितीन ऑफिसमधून आला तो दारातूनच ओरडला. मग नेहमीचं. "आई, उद्या गॅस सुरू राहिला तर? एक तारखेपासून स्वयंपाकाला बाई ठेवतो. तू आराम कर." आराम! आमच्या करावे गावातल्या अख्ख्या लग्नघराच्या भाकऱ्या थापल्यात मी. पोटचा पोरगा मला आराम सांगतो.

९ नोव्हें., रवि.
नातीला, मिठीला, पिझ्झा हवा होता. नितीन मागवणार, तेवढ्यात म्हटलं, फोन ठेव, मी करते. ओव्हन नाही, तव्यावर झाकण ठेवून. चीज वितळलं, बुडबुडे आले, काय रूप! उतरवला. मध्ये कच्चं पीठ, दाताला चिकटतंय. मिठी वरचं चीज खाऊन उठली. नितीनने पुन्हा फोन उचलला, ते जास्त लागलं. पूर्वी भाजल्याचा वास आला की हात आपोआप गॅसकडे जायचा.

११, मंगळ.
जाऊबाई आल्या. त्यांना विचारलं. "अगो, भाकर फुगली का झाली. ह्यो तुजा पिझ्झा फुगत नाय, मंग कलायचं कसं? सोड नाद." सोडते कशाला! नाक गेलंय फक्त. डोळे, कान, बोटं शाबूत आहेत.
गॅस बंद केला की बटणाला हात लावून मोठ्याने 'बंद' म्हणते. सून हसते. हसू दे.

१९, बुध.
घरी कोणी नसताना दोन केले. पहिला खाली काळा, वर पांढरा. कावळ्यांना. दुसऱ्याची रोटी आधी एका बाजूने भाजली, उलटली, मग सॉस-चीज, गॅस मंद. वरचं रूप बघायचंच नाही. उलथन्याने कड उचलायची. खाली भाकरीसारखे डाग हवेत, टिचकी मारली तर वाजलं पाहिजे. मध्ये सुरी खुपसायची, पीठ लागलं तर अजून ठेवायचा. तुकड्याने हातात मान टाकता कामा नये.
सगळं भाकरीचंच की! उगाच चीजला भुलले.

३०, रवि.
केला. मिठीने पहिला तुकडा आडवा धरून बघितला, वाकला नाही. दुसरा तव्यावर होता तेव्हा नितीन आला, चप्पल काढता काढता म्हणाला, "काय वास सुटलाय!"
"कसला?"
"पिझ्झाचा."
"तसं नको. नीट सांग."
उभा राहिला दारातच, विचार करत. "लसणाचा... भाजलेल्या पिठाचा. लहानपणी तू तव्यावरून भाकरी काढून द्यायचीस ना, तसा." मग एकदम बाथरूममध्ये गेला.
मला रडू आलं. पण तव्यावर पिझ्झा होता, आधी कड उचलून बघितली.
बाईचं तो काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. उद्या एक तारीख. आली तर येऊ दे. ती यायच्या आत मी कणीक मळून बसणार.