रेषेशेजारची पिल्लं

३ नोव्हेंबर
आले एकदाची सोलापुरात! अक्कलकोट रस्त्यावरच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांचा लेसर आहे, आणि तो अधिक प्रखर, अधिक शुद्ध करायला मला नेमलंय. वेळापूरची पोरगी मी, थोडी मिजास येणारच. खोली तानाबाईंकडे मिळाली, जेवायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. त्यांनी विचारलं, तितं तू करतीस काय गं? मी सांगितलं, इलेक्ट्रॉन चुंबकांच्या रांगेतून नागमोडी पळतात, त्यातून क्ष-किरण निघतात. पण त्यांचा जन्म इलेक्ट्रॉनांच्या विस्कळीत गोंगाटातला, म्हणून नको ते रंगही मिसळतात. हिऱ्याच्या पातळ चकतीनं मी त्यातला एकच निवडायचा. त्या म्हणाल्या, म्हंजे तांदूळच निवडतीस की! लाख बोलल्या.

५ नोव्हेंबर
हिऱ्यातून आल्यावर पडद्यावर एक उंच रेषा, म्हणजे हवा तो रंग, आणि शेजारी तीन बुटक्या, चुकून शिरलेल्या रंगांच्या. त्यांना इथं पिल्लं म्हणतात. चुंबकं सरळ लावणारा गौस भलताच वल्ली आहे. म्हणाला, मॅडम, रहने दो ना, किसका क्या बिगाडते. आधीच्या लोकांनी राहू दिली म्हणे. मी नाही देणार. महिनाअखेर तपासणी समिती येतेय आणि माझी नोकरी कायम होणं तिच्या हातात आहे.

१० नोव्हेंबर
एक पिल्लू गेलं! हिरा केसभर फिरवला आणि रेषा दुप्पट उजळली. गौसला दाखवायला धावले, तर तो जागेवर नव्हता.

११ नोव्हेंबर
गौस आजही आला नाही. आमचे प्रमुख सिद्रामप्पा, त्यांना विचारलं. ते म्हणाले, कोण गौस? मला थट्टा वाटली. पण हजेरीपटात त्याचं नाव नाही. त्याच्या खुर्चीवर खोकी रचलेली, त्यांच्यावर जुनी धूळ. फोन लावला, तर असा नंबरच नाही. त्याचं हसणं मला नीट आठवतंय. भीती वाटते.

१३ नोव्हेंबर
एका निरीक्षणावर निष्कर्ष काढायचा नसतो, हे आमचं पहिलं शिक्षण. पिल्लू गेलं त्याच दिवशी गौस गेला, हा योगायोगही असेल. खात्री करायची तर प्रयोग पुन्हा करायला हवा. दुपारी बारा चाळीसला दुसरं पिल्लू काढलं.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ
तानाबाईंच्या दाराला गंजलेलं कुलूप. माझी बॅग पायरीवर. शेजारीण म्हणाली, हे घर नऊ वर्षं बंद हाय की, तुमाला कोन पायजे? खिडकीतून पाहिलं. शेगडी नाही, परात नाही, काहीच नाही. मी केलं हे. शंका आली होती, तरी केलं.

१४ नोव्हेंबर
हिरा पार बाहेर काढला. गोंगाट परत यायला हवा होता, त्याच्याबरोबर शेकडो रंग, आणि ती दोघं. आला नाही. उंच रेषा तशीच, शेजारी एकच पिल्लू. गौस, माफ कर. तानाबाई—
सिद्रामप्पा खूश. म्हणाले, उरलेलं आता यंत्र आपोआप साफ करील. मी हात जोडले, बंद करा म्हणाले. ते हसले.

१५ नोव्हेंबर
पिल्लू निम्म्यावर आलंय. कोणाचं असेल? आईचं? दर तासाला वेळापूरला फोन करतेय. आई वैतागली, लई येळा फोन करतीस, काम न्हाय का तुला? ऐकून रडू फुटलं. आई आहे. आई आहे, म्हणजे मग ते—

१५ नोव्हेंबर, दुपार
फाटकावर ओळखपत्र चालेना. पहारेकऱ्यानं यादी पाहिली, मान हलवली. आत जाऊ देत नाही. आत ते यंत्र—
रस्त्याकडेला बसलेय. पुन्हा फोन लावला. आईनंच उचलला. विचारलं, कोन बोलतंय? कुटून बोलताय तुमी?
तुमी. मला.
म्हटलं, आई, मी गं— नाव सांगायला गेले आणि— आई, ठेवू नकोस, थांब, माझं नाव तूच ठेवलंस की, सांग ना, काय ठेवलं होतंस, का—